कृष्णेच्या उगमापासून पन्हाळ्यापर्यंत: पुण्याहून गाडी आणि गाइड घेऊन पहिल्यांदाच निघणाऱ्यांसाठी

पुणेकराला महाबळेश्वर नवे नसते. शाळेची सहल, लग्नानंतरचे चार दिवस, ऑफिसची मुक्कामी पार्टी अशा कुठल्या ना कुठल्या निमित्ताने ते एकदा तरी पाहून झालेले असते. वाई वाटेवरच लागते, येताना साताऱ्याचे कंदी पेढे घेतले जातात, कोल्हापूरला अंबाबाईचे दर्शन घडते. पण ही सगळी ठिकाणे मनात सुटी सुटीच राहतात आणि त्यांना जोडणारी कृष्णा पुलाखालून कधी गेली हेही गाडीतल्या कोणाच्या लक्षात येत नाही. चालकासह भाड्याची गाडी आणि जाणकार गाइड घेऊन हा सारा पट्टा एकाच प्रवासात नीट पाहायचा आहे, पण अशी सहल यापूर्वी कधी आखलेली नाही, अशांसाठी हा लेख आहे.

आधी नदी धरावी, मग ठिकाणे

नवखा माणूस सहल आखायला बसला की प्रथम ठिकाणांची यादी करतो आणि मग ती दिवसांत कोंबतो. माझ्या मते याच्या उलट करावे. जुन्या महाबळेश्वरात उगम पावणारी कृष्णा वाईला सपाटीवर येते, साताऱ्याजवळ माहुलीला तिला वेण्णा मिळते, कऱ्हाडला कोयना मिळते आणि पुढे नरसोबाच्या वाडीला कोल्हापूरची पंचगंगा येऊन मिळते. तेथून पुढे सुमारे १,४०० किलोमीटरचा एकूण प्रवास पुरा करून ती बंगालच्या उपसागराला जाते. हा क्रम एकदा डोक्यात बसला, की कोणते ठिकाण घ्यायचे आणि कोणते सोडायचे याचा निर्णय आपोआप सोपा होतो. घाटमाथ्यावर पाऊस पडतो, घाटवाटेवर किल्ला उभा राहतो आणि घाट उतरून नदीकाठी पेठ वसते. महाबळेश्वर, प्रतापगड आणि वाई यांचे नाते इतके सरळ आहे.

या हिशेबाने पहिल्या सहलीसाठी पाच दिवस आणि चार मुक्काम पुरतात: दोन मुक्काम महाबळेश्वरला, एक साताऱ्याला आणि एक कोल्हापूरला. बरोबर ज्येष्ठ मंडळी असतील तर कोल्हापूरला एक मुक्काम वाढवावा. रायगड, तापोळ्याचे बोटिंग, कोयनानगर, गणपतीपुळे ही नावे घरातले कोणी ना कोणी सुचवणारच. त्यांना प्रेमाने नाही म्हणावे. विशेषतः रायगडाबाबत ठाम राहावे. प्रतापगडापासून तो नकाशावर हाकेच्या अंतरावर दिसतो. प्रत्यक्षात मात्र आंबेनळी घाट उतरून पोलादपूर, महाड असे कोकणात जावे लागते आणि परत घाट चढून येण्यात अख्खा दिवस जातो.

कधी निघावे

एकाच पट्ट्यात पावसाचे प्रमाण किती झपाट्याने बदलते हे आधी समजून घ्यावे. महाबळेश्वरला वर्षाला सरासरी ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तेथून जेमतेम १९ किलोमीटरवरच्या पाचगणीला त्याच्या निम्म्याहूनही कमी, आणि घाट उतरून वाईला आलात तर हजार मिलिमीटरही नाही. अरबी समुद्रावरून येणारे ढग घाटमाथ्यावर चढताना रिकामे होतात आणि पलीकडच्या बाजूला पावसाची सावली पडते. त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये वाईला ऊन पाहून पसरणी घाट चढणाऱ्याला तासाभरात समोरची गाडीही दिसेनाशी होईल इतके धुके भेटू शकते. या दोन महिन्यांत दरड कोसळून घाट बंद होण्याचे प्रकार घडतात, म्हणून पहिली सहल तेव्हा नको.

सप्टेंबरचा उत्तरार्ध आणि ऑक्टोबरचा आरंभ हा कास पठाराच्या फुलांचा काळ असतो. डोंगर हिरवे असतात, ओढे वाहते असतात आणि पाऊस उघडीप देऊ लागलेला असतो. सहल करावी तर याच दिवसांत, मात्र शनिवार-रविवार वगळून. डिसेंबर ते फेब्रुवारी थंडी आणि स्ट्रॉबेरी असते, आकाश स्वच्छ असल्यामुळे किल्ल्यांवरून लांबचे दिसते. एप्रिल-मे हा महाबळेश्वरचा गर्दीचा हंगाम. शाळेला सुट्टी तेव्हाच असते म्हणून जाणे भाग असेल तर जावे, पण त्या दिवसांत सातारा आणि कोल्हापूरचे ऊन दुपारी फिरू देत नाही हे गृहीत धरावे. जोडून सुट्ट्या आल्या की पुणे-सातारा रस्त्यावर काय होते ते पुणेकराला वेगळे सांगायला नको.

गाडी ठरवताना

सहलीचे यशापयश निम्म्याहून अधिक येथेच ठरते, म्हणून या कामाला एक संध्याकाळ द्यावी. चार-पाच जणांना अर्टिगासारखी गाडी पुरते, सहा जण आणि सामान असेल तर इनोव्हा घ्यावी, त्यापुढे टेम्पो ट्रॅव्हलर. सात आसनी गाडीत सात माणसे बसली की शेवटच्या रांगेमागे बॅगा मावत नाहीत, आणि घाटात मागच्या रांगेत बसणाऱ्यालाच गाडी सर्वांत आधी लागते. गाडी पिवळ्या पाटीची, म्हणजे प्रवासी वाहतुकीचा परवाना असलेलीच असावी. ओळखीतल्या कोणाची पांढऱ्या पाटीची गाडी स्वस्तात मिळत असली, तरी अपघात झाल्यास विमा कंपनी भरपाई नाकारू शकते, हे लक्षात ठेवून तो मोह टाळावा.

आता दराचा प्रश्न. बाहेरगावच्या भाड्यात बहुधा दर किलोमीटरला अमुक रुपये आणि दिवसाला किमान २५० किंवा ३०० किलोमीटर अशी अट असते. नवखा माणूस फक्त किलोमीटरचा दर विचारतो आणि किमान अंतराच्या अटीकडे दुर्लक्ष करतो. आपल्या मार्गाचा अंदाज घ्या: पुणे ते महाबळेश्वर सुमारे १२०, प्रतापगड आणि जुने महाबळेश्वर मिळून ६०, मेढ्यावरून सातारा ५५, कासची फेरी ५०, सातारा ते कोल्हापूर १२५, पन्हाळ्याची फेरी ४०, कोल्हापूर ते पुणे २३५, आणि गावांतल्या फिरण्याचे थोडेफार. सगळे मिळून ७५० किलोमीटरच्या आसपास भरते. दिवसाला ३०० च्या अटीने मात्र पाच दिवसांचे १,५०० किलोमीटरचे पैसे द्यावे लागतील, म्हणजे गाडी जितकी धावली त्याच्या दुप्पट. दर कमी करा म्हणून घासाघीस करण्याऐवजी हा आकडा समोर ठेवून सगळ्या सहलीची ठोक रक्कम मागावी, किंवा किमान अंतर दिवसाला २०० पर्यंत खाली आणायला सांगावे. मार्ग आधीच लिहून दिला असेल तर गाडीवाले बहुधा ऐकतात, कारण घाटात आणि गावांत फिरणाऱ्या गाडीचा दिवस कुठेही गेला तरी तेवढाच जातो, हे त्यांनाही कळते आणि डिझेलचा खर्च किती वाचतो हेही.

ठरलेले सगळे व्हॉट्सॲपवर लिहून घ्यावे. गाडीचे मॉडेल, किलोमीटर कोठून मोजायचे (गाडीवाल्याच्या गॅरेजपासून की तुमच्या दारापासून), चालकाचा रोजचा भत्ता, रात्रपाळीचा आकार किती वाजल्यापासून, टोल आणि पार्किंग कोणाकडे, घाट चढताना एसी चालू राहणार की नाही, आणि चालकाच्या झोपण्याची सोय कोण करणार, एवढ्या बाबी त्यात याव्यात. शेवटची बाब बहुतेक जण विचारत नाहीत. महाबळेश्वरच्या थंडीत चालक गाडीतच पाय दुमडून झोपला, तर दुसऱ्या दिवशी आंबेनळीच्या रस्त्यावर तुमचे सारे कुटुंब त्याच्या अर्धवट झोपेच्या हवाली असते. खोली आरक्षित करतानाच हॉटेलात चालकांसाठी जागा आहे का, हे विचारून घ्यावे. नसेल तर जवळच्या साध्या लॉजचे पैसे आपण द्यावेत.

गाइड कोणता आणि कोठे

गाइड म्हणजे पुण्यापासून पुण्यापर्यंत बरोबर असणारा माणूस, अशी अनेकांची समजूत असते. दहा-बारा जणांचा गट असेल तर इतिहासाचा एखादा अभ्यासक सोबत नेणे परवडते आणि त्याचा फार लाभही होतो. चार-पाच जणांच्या कुटुंबाने मात्र घाटाची सवय असलेला चालक आणि ठिकठिकाणचे स्थानिक गाइड अशी विभागणी करावी. चालकाला गाइड समजू नये. तो चांगले हॉटेल दाखवेल, आडवाट सांगेल, पण किल्ल्यावर तुमच्याबरोबर चढण्याची अपेक्षा त्याच्याकडून ठेवू नये. तो वेळ त्याच्या विश्रांतीचा आहे.

स्थानिक गाइड तीन ठिकाणी घ्यावाच: प्रतापगड, कास (हंगामात) आणि पन्हाळा. बाकी ठिकाणी घरून वाचून गेलेले पुरते. गाइडशी फी आणि वेळ दोन्ही चढण्यापूर्वीच ठरवावी, आणि त्याची पारख करायला एकच प्रश्न पुरेसा आहे. प्रतापगडावर त्याला अफझलखानाच्या भेटीची हकीकत विचारू नका, ती प्रत्येकाला तोंडपाठ असते. पार घाट कोणता आणि किल्ला त्याच्यावर नजर कशी ठेवतो, ते दाखवा म्हणावे. जो तुम्हाला बुरुजावर नेऊन खाली जावळीचे खोरे आणि कोकणात उतरणारी वाट बोटाने दाखवतो, तो गाइड खरा. कोणती गोष्ट बखरीतली, कोणती समकालीन कागदपत्रांतली आणि कोणती नुसती ऐकीव, असे विचारल्यावर जो चिडत नाही, त्याला ठरलेल्यापेक्षा चार पैसे जास्त द्यायला हरकत नाही.

पहिला दिवस: वाई, मेणवली आणि वर

पहाटे साडेपाचला पुणे सोडावे. कोथरूड, निगडी, हडपसर अशा चार दिशांच्या नातेवाइकांना घरोघरी जाऊन उचलत बसलात, तर निघेपर्यंत सात वाजतात आणि नवले पुलाची गर्दी गाठते. सर्वांना वारजे किंवा कात्रजला महामार्गालगत एका जागी बोलवावे. खेड शिवापूरचा टोल ओलांडला की शिरवळच्या अलीकडे-पलीकडे नाश्ता करावा, आणि तोही हलका, कारण पुढे खंबाटकी आहे आणि त्यानंतर पसरणी. ज्यांना गाडी लागते त्यांनी गोळी घाट सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नसतो. डॉक्टरांना विचारून निघण्याआधी अर्धा-पाऊण तास घ्यावी. आवळासुपारी, आल्याचा तुकडा, पुढे मोकळ्या रस्त्याकडे नजर आणि हातातला मोबाइल बंद, हे उपाय जुने असले तरी चालतात.

सुरूर फाट्यावरून आत वळले की पुण्यापासून नव्वदेक किलोमीटरवर वाई येते. ढोल्या गणपतीचे देऊळ गणपतराव रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधले. देवळाची मागची भिंत नदीच्या बाजूने पाहिल्याशिवाय परतू नये: पुराचे पाणी दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जावे म्हणून ती माशाच्या आकाराची, प्रवाहाकडे निमुळती बांधली आहे. वाईतच मराठी विश्वकोशाचे काम झाले आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी ते येथूनच पाहिले, हे बरोबरच्या मुलांना सांगायला हरकत नाही.

वाईपासून तीन-चार किलोमीटरवर मेणवली आहे. नाना फडणविसांचा वाडा पाहून मागच्या घाटावर उतरावे. पायऱ्या थेट पाण्यात जातात आणि मेणेश्वराच्या देवळाजवळ एका छोट्या दगडी मंडपात भलीमोठी घंटा टांगलेली आहे. चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली, त्यानंतर पोर्तुगिजांच्या चर्चमधून मराठ्यांकडे आलेल्या घंटांपैकी ही एक. जवळ जाऊन तिच्या अंगावर बोट फिरवले, तर ख्रिस्ती आकृतीचा उठाव हाताला लागतो. बहुतेक लोक घंटा वाजवून फोटो काढतात आणि हे न पाहताच निघतात. मेणवलीला दीड तास तरी काढावा. महाबळेश्वरच्या बाजारात दोन तास कमी गेले तरी काही बिघडत नाही.

दुपारी पसरणी घाट चढून पाचगणी. टेबल लँडच्या पठारावर जांभा दगडाचा थर अगदी उघडा दिसतो. खाली काळा बसाल्ट आणि वर हा तांबडा, सच्छिद्र थर अशीच साऱ्या माथ्याची रचना आहे. पावसाचे पाणी याच थरातून झिरपते आणि पुढे झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते. वाचनाची आवड असेल तर २०१७ मध्ये पुस्तकांचे गाव म्हणून जाहीर झालेले भिलार येथून जवळ आहे. घराघरांत मराठी पुस्तके मांडलेली आहेत आणि बसून वाचायला कोणी पैसे मागत नाही. पाचगणी आणि महाबळेश्वर दोन्हीकडे नाक्यावर पर्यटक कर भरावा लागतो, त्यासाठी सुटे पैसे हाताशी ठेवावेत.

दुसरा दिवस: पाणलोटाच्या दोन्ही बाजू

हा सहलीचा गाभा आहे, आणि तो दिवस उजाडताच सुरू करावा. बाहेरगावच्या गाडीने पॉइंट फिरायचे की स्थानिक टॅक्सी घ्यायची, हे आदल्या संध्याकाळी हॉटेलात विचारून घ्यावे. याचे नियम स्थानिक टॅक्सी संघटना आणि नगरपालिका यांच्यावर अवलंबून असतात, आणि ऐन सकाळी रस्त्यात वाद घालण्यात राम नाही.

सगळ्यात आधी आर्थर सीट गाठावे. गावापासून बाराएक किलोमीटरवर असल्यामुळे सकाळी सातला तेथे गर्दी नसते. कड्याच्या टोकाला उभे राहिले की खाली सावित्रीचे खोरे एकदम कोसळलेले दिसते. ही नदी पश्चिमेला कोकणात उतरते आणि थोडक्या अंतरात अरबी समुद्राला मिळते. तेथून परत फिरून जुन्या महाबळेश्वरातले पंचगंगेचे देऊळ पाहावे. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचे उगम येथे मानले जातात आणि गोमुखातून सतत पाणी पडत असते. तासाभरापूर्वी पाहिलेला कडा आणि हे कुंड यांच्यामध्ये फार तर काही किलोमीटरचे अंतर आहे, पण एका बाजूला पडलेला थेंब कोकणात जातो आणि दुसऱ्या बाजूचा आंध्रापर्यंत. गाइडकडून समजून घ्यायची गोष्ट हीच आहे; ती कळली की पुढच्या तीन दिवसांत लागणारी प्रत्येक नदी ओळखीची वाटू लागते. जवळच कृष्णाबाईचे देऊळ आहे, तेथे सहसा फारसे कोणी नसते. काळ्या दगडातल्या त्या देवळाच्या पायऱ्यांवर शेवाळ असते, तेव्हा ज्येष्ठांनी हात धरून उतरावे.

दुपारी लवकर जेवून प्रतापगडाकडे निघावे. अंतर बावीस-चोवीस किलोमीटर, पण वळणे अशी की पाऊण तास ते तास लागतो. किल्ला १६५६ च्या सुमारास मोरोपंत पिंगळ्यांच्या देखरेखीखाली बांधला गेला आणि १० नोव्हेंबर १६५९ च्या अफझलखान प्रकरणाने तो सर्वांना माहीत झाला. २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिलेल्या १२ मराठा किल्ल्यांत तो आहे. आपल्या मार्गावरचा दुसरा म्हणजे पन्हाळा. गाडी पायथ्याच्या वाहनतळावर थांबते आणि पुढे पायऱ्या आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनी भवानीच्या देवळापर्यंत जाऊन थांबावे, बालेकिल्ल्याचा आग्रह धरू नये. माकडांपासून चष्मा आणि खाण्याची पिशवी सांभाळावी. अंधार पडण्यापूर्वी महाबळेश्वरला परतायचे, यात तडजोड नको; सूर्यास्त पाहायचा असेल तर तो गडावरून परतताना वाटेत जेथे सापडेल तेथे पाहावा.

तिसरा दिवस: वेण्णेबरोबर साताऱ्याला

महाबळेश्वरहून साताऱ्याला जायला वाईवरून परत न जाता केळघर घाटाने मेढ्यावरून उतरावे. या रस्त्याने तुम्ही वेण्णेच्या खोऱ्यातूनच जाता: वर आप्पासाहेब महाराजांनी १८४२ मध्ये बांधलेला वेण्णा तलाव, खाली मेढे, मग कण्हेर धरणाचे पाणी. रस्ता सुंदर आहे, पण वाटेत बऱ्या स्वच्छतागृहांची वानवा आहे, तेव्हा निघताना सोय उरकून घ्यावी.

फुलांचा हंगाम असेल तर सातारा गाठून लगेच कासला जावे. २०१२ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या पश्चिम घाटाचा हा भाग आहे. दररोजच्या पर्यटकसंख्येवर मर्यादा असल्याने प्रवेश ऑनलाइन आरक्षित करावा लागतो, आणि तो गाडी ठरवण्याच्याही आधी करावा. तेरडा आणि सोनकी लांबूनच ओळखू येतात. परंतु सीतेची आसवे आणि दवबिंदू या दोन कीटकभक्षी वनस्पती पाहायच्या, तर गाइडने दाखवलेल्या जागी उकिडवे बसावे लागते. दवबिंदूच्या पानावरचे चिकट थेंब नखाएवढ्या जागेत मावतात. टोपली कारवी सात वर्षांनी एकदा फुलते. ती या वर्षी आहे का, हे विचारून मगच अपेक्षा ठेवावी. फुलांत शिरून फोटो काढणाऱ्यांवर तेथील समितीचे लोक ओरडतात, आणि ते योग्यच करतात.

हंगाम नसेल तर कास सोडून लिंब गावाची बारा मोटांची विहीर पाहावी. शाहू महाराजांच्या काळात, १७१९ ते १७२४ च्या दरम्यान बांधलेली ही अष्टकोनी विहीर नुसती विहीर नाही. जिना उतरून आत गेले की पाण्यावर बांधलेला छोटासा महालच लागतो आणि भर उन्हात तेथे गारवा असतो. संध्याकाळी माहुलीला कृष्णा आणि वेण्णेचा संगम पाहावा. सकाळपासून बरोबर आलेली वेण्णा येथे संपते. पंतप्रतिनिधींनी बांधलेले विश्वेश्वराचे देऊळ घाटावरच आहे. अजिंक्यताऱ्याच्या माथ्याजवळपर्यंत गाडी जाते. वेळ उरला तरच जावे. १७०८ मध्ये शाहू महाराजांचा राज्याभिषेक झाला तेव्हापासून १८४८ मध्ये संस्थान खालसा होईपर्यंत सातारा ही गादीची जागा होती, एवढे ध्यानात ठेवून राजवाड्याच्या परिसरात एक चक्कर मारली तरी पुरे.

चौथा आणि पाचवा दिवस: कऱ्हाड, कोल्हापूर, पन्हाळा

सातारा-कोल्हापूर महामार्गावर रुंदीकरणाच्या कामांमुळे वळणरस्ते लागतात, म्हणून सव्वाशे किलोमीटरला तीन तास धरावेत. मध्ये कऱ्हाडला प्रीतिसंगमावर थांबावे. कृष्णा आणि कोयना येथे जवळजवळ समोरासमोर येऊन भेटतात. जुन्या महाबळेश्वरच्या एकाच देवळातून निघालेल्या या दोघींची भेट पाहायला अर्धा तास पुष्कळ झाला. यशवंतराव चव्हाणांची समाधी काठावरच आहे.

कोल्हापूरला दुपारी पोहोचून आधी जेवावे. तांबडा आणि पांढरा रस्सा दुपारी बरा. रात्री तो खाऊन दुसऱ्या दिवशी पन्हाळ्याची वळणे घेणे सर्वांनाच झेपेल असे नाही. अंबाबाईचे दर्शन संध्याकाळी घ्यावे, शुक्रवार किंवा नवरात्र असेल तर पहाटे. नोव्हेंबरच्या ९ ते ११ आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या तारखांना मावळतीची किरणे गाभाऱ्यात येतात तो किरणोत्सव असतो. तेव्हा खोली महिनाभर आधी ठेवावी. कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांनी (साताऱ्याचे शाहू महाराज वेगळे) १९१२ मध्ये बांधलेले खासबाग कुस्ती मैदान रिकामे असले तरी पाहण्याजोगे आहे. चपला चप्पल लाइनमध्येच घ्याव्यात, आणि पायात घालून दहा पावले चालून मगच.

पाचव्या दिवशी सकाळी साडेसातला पन्हाळा. अंबरखान्याची गंगा, यमुना, सरस्वती ही धान्याची कोठारे, तीन दरवाजा, सज्जा कोठी असा क्रम ठेवून शेवटी गाइडला राजदिंडी या छोट्या दरवाजाकडे न्यायला सांगावे. सिद्दी जौहरचा वेढा पडला असता जुलै १६६० मध्ये शिवाजी महाराज पावसाळी रात्री येथूनच विशाळगडाकडे निघाले असे सांगतात. तेथे उभे राहून पश्चिमेकडचे डोंगर पाहिले म्हणजे बाजीप्रभूंनी शत्रूला घोडखिंडीतच का अडवले, ते कागदावरच्या नकाशापेक्षा चांगले कळते. पन्हाळ्याच्या उतरणीला कासारीचे खोरे दिसते. कुंभी, तुळशी आणि भोगावतीबरोबर हीच नदी पंचगंगा होते आणि कृष्णेला जाऊन मिळते. अकराला पन्हाळा सोडला, तर संध्याकाळी सहाच्या आत पुण्यात येता येते.

घाटात आणि हिशेबात

चालकाला दोनच गोष्टी सांगाव्यात: उतरताना गाडी न्यूट्रलवर नको, आणि चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरला, तर ब्रेक तापत नाहीत. चांगला चालक हे करतोच. तुम्ही सांगितल्यावर तो हसला तर समजावे की गाडी योग्य हातात आहे. घाटात मोबाइलला रेंज नसते, म्हणून नकाशे आधीच उतरवून ठेवावेत. तातडीला ११२, रुग्णवाहिकेला १०८ आणि राष्ट्रीय महामार्गावर अडचण आली तर १०३३ हे क्रमांक चालकाबरोबरच आणखी एकाच्या फोनमध्ये असावेत.

निघताना आणि परतल्यावर किलोमीटरच्या आकड्याचा फोटो काढावा. टोल फास्टॅगमधून कापला जात असेल तर चालकाने सांगितलेली रक्कम धरून न चालता गाडीवाल्याकडून त्या तारखांच्या नोंदी मागवाव्यात. त्या त्याच्या फोनवरच असतात. गाडीचा दिवस बहुधा मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंत मोजला जातो, त्यामुळे शेवटच्या दिवशी वाटेत जेवणात रमून रात्री बारानंतर घरी पोहोचलात तर सहाव्या दिवसाचे भाडे आणि भत्ता द्यावा लागतो. चालकाची बक्षिसी सर्वांनी मिळून आधीच पाकिटात घालून ठेवावी आणि ती गाडीवाल्याच्या बिलात न मिसळता थेट त्याच्या हातात द्यावी.